मुठीचं पीठ

आमच्या घरी रोजचं खाणं ज्वारीचं. गहू म्हणजे पाहुण्यांचं धान्य. जावई आला, बाळंतीण माहेरी आली किंवा नाताळ आला तरच गव्हाला हात लागायचा. पण चुलीवरच्या फळीवर एक छोटा पितळी डबा होता, त्यात मात्र वर्षभर गव्हाचं पीठ असायचंच. घरात दुसरं काही नसलं तरी त्या डब्यात मूठभर पीठ हवंच, हा आईचा कायदा. लहानपणी एकदा मी त्यातलं चिमूटभर पीठ गुळाशी कालवून खाल्लं, तेव्हा आईनं मला मारलं नाही, पण दिवसभर माझ्याशी बोलली नाही. त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते. ते देवाचं पीठ होतं. दर तीन महिन्यांनी जालन्याहून पाळकसाहेब यायचे, रविवारी प्रभुभोजन व्हायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारस घ्यायचा, आणि त्या भाकरीसाठी आदल्या दिवशी घरोघरचं पीठ गोळा व्हायचं. प्रत्येक घरची एक मूठ. जास्त नाही, कमी नाही.

ही चाल कुठल्या शास्त्रात नाही. आमच्या आजोबांच्या पिढीनं देऊळ बांधलं तेव्हा दुष्काळ होता म्हणे. एका घराला भाकरीपुरता गहू जमेना, म्हणून सगळ्यांनी मूठ मूठ घातली. पुढं बरे दिवस आले तरी मूठ राहिली. ज्या घरी गहू नसेल तिथली बाई ज्वारीचं पीठ घालायची, एखादी बाजरीचं घालायची, त्यामुळं आमची प्रभुभोजनाची भाकर कधी पांढरी निघाली नाही. ठिपक्याठिपक्यांची, जाडसर, सुरीनं तुकडे करताना कडेनं भुगा होणारी. आता आमच्या जालन्याच्या चर्चमध्ये बाहेरून पाकिटं येतात. आत कागदासारख्या पातळ चकत्या. जिभेवर ठेवली की विरघळते, काही खाल्लं असं वाटतच नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर सून म्हणाली, आई, तिथं काय पोट भरायला जातात का?

देऊळच म्हणायचो आम्ही. चर्च हा शब्द पाळकसाहेबांचा. आमचं गाव परतूरच्या अलीकडं, रेल्वेच्या रुळाला लागून. देवळाला घंटा नव्हती. कुणीतरी पूर्वज गँगमन होता, त्यानं आणलेला रुळाचा एक तुकडा अंगणातल्या निंबाला टांगलेला होता, आणि रविवारी सकाळी त्यावर लोखंडी पहार मारायची. तो आवाज पार स्टेशनापर्यंत जायचा. निंबाच्या अलीकडं आमची ख्रिस्ती गल्ली, पलीकडं बौद्ध गल्ली. आडनावं दोन्हीकडं तीच. एका भावानं प्रभू धरला, दुसऱ्या भावाच्या नातवंडांनी पुढं धम्म घेतला, एवढाच काय तो फरक. एकमेकांच्या लग्नात पंगतीला बसायचो, मयताला खांदा द्यायचो, कुणाच्या म्हशीला रेडकू झालं तर खरवस दोन्हीकडं फिरायचा. फक्त सोयरीक करायची नाही. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

आणि नेमकी तीच सोयरीक माझ्या आत्यानं केली. मारथा आत्या ही दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पाठची बहीण. बालवाडी चालवायची. गळा असा की तिनं गाणं उचललं की पुरुषांच्या बाजूची टाळ-खंजिरी आपोआप हळू व्हायची. तिनं पलीकडच्या गल्लीतल्या कचरूमामांशी कचेरीत जाऊन लग्न केलं. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मामा परतूरच्या जिनिंगमध्ये कामाला, सरळ माणूस, आणि येसराच्या आमटीला अख्ख्या पंचक्रोशीत नाव काढलेला. भाजलेल्या डाळी आणि मसाल्यांचं ते येसर घरोघरी होतं, पण मोठ्या डेगीत शे-दोनशे माणसांची आमटी न करपवता करावी ती मामांनीच. कुठल्याही गल्लीत लग्न असो, डेगीजवळ मामा उभे.

लग्नानंतर देवळाच्या पंचांनी आत्याला शिस्तीखाली घेतलं. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांना सांगते. शिस्तीखालच्या माणसाला देवळात यायला बंदी नसते. यायचं, पण सतरंजीवर बसायचं नाही, दाराजवळच्या मोकळ्या फरशीवर बसायचं. गाणं म्हणायचं, प्रार्थना करायची, पण प्रभुभोजनाचं ताट तुमच्यापर्यंत येत नाही. आणि शनिवारी पिठाचं पातेलं तुमच्या दाराशी थांबत नाही. हे सगळं उठवायला एकच वाट होती. मंडळीसमोर उभं राहून ‘मी चुकले’ म्हणायचं. नवरा सोडायची अट नव्हती, हे मी पंचांच्या बाजूनं सांगते. फक्त दोन शब्द. पण आत्या ते दोन शब्द म्हणेना. आणि देवळात यायचंही सोडेना. दर रविवारी फरशीवर येऊन बसायची, मांडी घालून, ताठ.

दादा शाळेत मास्तर, आणि पंचांत तेही होते. आपल्या सख्ख्या बहिणीविरुद्ध त्यांनी हात वर केला होता. घरात त्यावर कुणी बोलायचं नाही. आत्या आमच्याकडं यायची, दादा तिच्याशी पाऊसपाण्याचं बोलायचे, आणि चहा संपला की उगीच सायकल पुसायला बाहेर जायचे.

पातेलं फिरवायचं काम आईकडं होतं. भाकर तीच भाजायची, म्हणून पीठही तिनंच गोळा करायचं. मी तिच्याबरोबर जायची. दोन्ही गल्ल्यांच्या कडेनं जात शेवटी पलीकडच्या टोकाला आमच्याच मंडळीतल्या रूथकाकूंचं घर लागायचं, आणि तिथं जाताना आत्याच्या दारावरून जावंच लागायचं. शनिवारी दुपार उतरली की आत्या दारात येऊन उभी राहायची. उजव्या मुठीत गव्हाचं पीठ. काही बोलायची नाही, हाक मारायची नाही. आई खाली मान घालून पुढं जायची, तिची पावलं तिथं जराशी जलद व्हायची. परत येतानाही आत्या तिथंच असायची, मूठ तशीच. हे वर्षानुवर्षं चाललं. मी फ्रॉकमधून परकरात आले, परकरातून साडीत आले, आणि ती मूठ तशीच.

एकदा मी तिला विचारलंच, त्या पिठाचं पुढं काय करतेस म्हणून. वाटलं होतं, डब्यात परत टाकत असेल. आत्या शेंगा फोडत होती, हात न थांबवता म्हणाली, “पोळी करते की. रविवारी तुमचं प्रभुभोजन सुरू झालं का मी घरी येते. अर्धी मी खाते, अर्धी तुझ्या मामाला देते.” मी म्हटलं, मामा तर प्रभूला मानत नाहीत. ती म्हणाली, “मला तर मानतेत.” ती पोळी मी पाहिली आहे. अगदी पांढरी, मऊ, एकाच घरच्या पिठाची. मला ती पाहून भयंकर राग आला होता. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही.

देवळाची पंच्याहत्तरी आली तेव्हा मी कॉलेजात जायला लागले होते आणि माझं दृढीकरण व्हायचं होतं. बाप्तिस्मा तान्हेपणी होतो, तो आईबापांच्या बोलीवर. दृढीकरणाला आपण स्वतः उभं राहून विश्वास कबूल करायचा, आणि त्या दिवशी पहिल्यांदा प्रभुभोजन घ्यायचं. त्यासाठी प्रश्नोत्तरं पाठ असावी लागतात. माझी प्रश्नोत्तरं कुणी पाठ करून घेतली? मारथा आत्यानं. तिच्या ओसरीवर, सूप पाखडता पाखडता ती प्रश्न विचारायची आणि मी अडखळले की सुपातला एक खडा उचलून माझ्यावर मारायची. इसाकबाबांनी माझी परीक्षा घेतली, सगळी उत्तरं आली, तर म्हणाले, पोरगी मास्तराची शोभते. मी म्हटलं, मारथा आत्यानं शिकवलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि पुढचा प्रश्न विचारला.

इसाकबाबा म्हणजे दादांचे चुलते, पंचांतले सगळ्यात वडील. त्यांना दुष्ट समजू नका, मी सांगते म्हणून. रुळाच्या तुकड्यावर पहार मारायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी दिलं नाही. गल्लीतली निम्मी माणसं अंकुशनगरच्या कारखान्याकडं ऊस तोडायला जायची, त्या महिन्यांत देवळात पाच-सहा डोकी उरायची, तरी बाबा पूर्ण उपासना चालवायचे, एक गाणं कमी करायचे नाहीत. त्यांना एकच भीती होती. आपण मूठभर माणसं, दोर जरा सैल सोडला तर सगळी इकडंतिकडं पांगतील आणि देवळाला कुलूप लागेल. ती भीती खोटी नव्हती. आज त्या देवळात किती माणसं बसतात हे मला ठाऊक आहे. पण भीतीनं माणूस दार धरून बसतो आणि घरातलंच माणूस बाहेर राहतं, हे त्यांना दिसत नव्हतं.

पंच्याहत्तरीची तयारी महिनाभर चालली. भिंतींना चुना झाला, दाराला निळा रंग लागला आणि तो वाळायच्या आत दोन शेळ्या त्याला अंग घासून गेल्या, निळ्या शेळ्या आठवडाभर गावात फिरत होत्या. संध्याकाळी भजनाचा सराव. पेटीचा एक सूर अडकायचा, तो बोटानं वर उचलत वाजवावं लागायचं. अंकुशनगरहून माणसं ट्रकनं येणार, जालन्याहून, भोकरदनहून पाहुणे येणार, मग जेवण काय? येसराची आमटी, भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेवयांची खीर. आमटी कोण करणार? इसाकबाबा स्वतः निंबापलीकडं गेले आणि कचरूमामांना सांगून आले. मामा लगेच हो म्हणाले, जिनिंगमधून सुट्टी काढली. घरी आल्यावर आई भाकरी थापता थापता म्हणाली, “त्याच्या हातचं येसर चालतं बघ. त्याच्या हातानं घातलेलं मंगळसूत्र तेवढं चालत न्हाई.” दादा जेवत होते.

आमच्याकडची आणखी एक चाल सांगायची राहिली. ज्या वेळी एखाद्या मुलीचं दृढीकरण असेल त्या वेळी पातेलं तिनं धरायचं. आई पुढं, मुलगी मागं, दारात आल्यावर मुलीनं म्हणायचं, “पीठ घाला.” मग बाई मूठ रिकामी करायची आणि मुलीच्या डोक्यावर पिठाचाच हात ठेवायची. सगळी घरं झाली की पातेलं देवळात न्यायचं. तिथं वडील पंच विचारणार, “सगळ्या घरांचं आलं का?” आणि मुलीनं म्हणायचं, “सगळ्या घरांचं आलं.” मग फडक्यानं पातेलं झाकायचं. वर्षानुवर्षं हे उत्तर मुली देत आल्या होत्या, आणि आत्याच्या लग्नापासून प्रत्येक वेळी ते खोटं होतं. हे माझ्या मनात किती दिवस घोळत होतं कोण जाणे. पण त्या शनिवारी पातेलं कडेवर घेऊन निघाले तेव्हा माझं स्वच्छ ठरलेलं होतं की मी खोटं बोलणार नाही. देवासमोर उभं राहायच्या आदल्या दिवशी तर बिलकुल नाही.

घरं होत गेली. माझे केस पांढरे झाले, पीठ कपाळावरून नाकावर आलं. प्रत्येक बाईचा हात वेगळा, कुणाचा खरबरीत, कुणाचा कांद्याच्या वासाचा. निंबापलीकडं वळलो. आत्या दारात उभी होती, नेहमीसारखी. डोक्यावर पदर, मूठ मिटलेली. आई मान खाली घालून पुढं गेली. मी थांबले. आत्यानं माझ्याकडं बघितलं, आणि तुम्हाला सांगते, ती घाबरली. इतकी वर्षं ताठ उभी राहणारी बाई घाबरली. हळूच म्हणाली, “एस्तू, जाय पुढं. तुझा उद्याचा दिवस खराब करू नको.” मी पातेलं पुढं धरलं आणि म्हटलं, “पीठ घाला.”

तिनं मूठ उघडली. घामानं पीठ तळव्याला चिकटलं होतं, ते तिनं दुसऱ्या हातानं खरवडून पातेल्यात पाडलं, एक कण राहू दिला नाही. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिला उचलवेना. आई रूथकाकूंच्या दारापर्यंत पोचली होती, वळून आली. पातेल्यात बघितलं, आत्याकडं बघितलं. मला वाटलं आता दोन्ही गल्ल्यांच्या देखत माझी शोभा होणार. आईनं खांद्यावरचं फडकं काढलं, पातेल्यावर टाकलं आणि म्हणाली, “झाकून घे. वारं हाय.” आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्या दारात उभी राहून तिनं आत्याला विचारलं, उद्या कोणती साडी नेसणार आहेस म्हणून.

देवळात पाळकसाहेब आले होते, पंच बसले होते, बाया काळ्या मनुका उकळून द्राक्षारस गाळत होत्या. लपवाछपवी आम्हाला करायचीच नव्हती. इसाकबाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, “सगळ्या घरांचं आलं, बाबा. मारथा आत्याचं बी आलं.”

मग जे व्हायचं ते झालं. बाबा आधी आईला बोलले, तुम्ही वडीलधाऱ्या असून हे कसं होऊ दिलं. एका पंचानं सुचवलं की हे पीठ बाजूला ठेवा, नव्यानं फिरा. पण एका घरची मूठ दुसऱ्यांदा मागायची नाही हाही नियमच होता, आणि देवाच्या नावानं घातलेलं पीठ टाकता येत नाही हाही. दुसरा म्हणाला, परतूरहून बेकरीचा पाव आणा. तेव्हा आई पातेलं मांडीवर घेऊन खाली बसली. माझी आई चारचौघांत बोलणारी बाई नव्हती. तिनं एवढंच सांगितलं की भाकर भाजायची तर या पिठाची भाजीन, नाही तर उद्या पंच्याहत्तरीला ताट रिकामं फिरवा. पाळकसाहेब तरुण होते, नवे होते. त्यांनी सांगितलं, शिस्त पंचांची आहे, उठवायची तर पंचांनीच. मला तेव्हा त्यांचा संताप आला. आज वाटतं, त्यांनी हुकूम सोडला असता तर तो जालन्याचा हुकूम झाला असता, आमचा नाही.

बाबा दादांकडं वळले. मास्तर, तुम्ही बोला, म्हणाले. दादा उठून उभे राहिले, वर्गात विद्यार्थी उभा राहतो तसे. “मारथावर शिस्त लावताना म्या हात वर केल्ता,” ते म्हणाले. “तो हात आज खाली घेतो.” आणि बसले. माझ्या सगळ्या आयुष्यात दादांचं याहून मोठं भाषण मी ऐकलं नाही.

बाबांचा चेहरा उतरला. शेवटी त्यांनी निवाडा दिला, तो असा: पीठ आलं ते आलं, ते टाकता येत नाही, भाकर त्याचीच होऊ द्या. पण मारथाची शिस्त तिनं कबूल केल्याशिवाय उठणार नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मधली वाट निघाली म्हणून खूश झाले. मी तिथंच उभी होते, डोक्यावर सगळ्या गल्लीचं पीठ घेऊन, आणि मला कळेना की यात खूश होण्यासारखं काय आहे. पीठ चालतं, बाई चालत नाही. मामांची आमटी चालते, मामा चालत नाहीत. घरी येताना मी आईला सांगितलं की मी उद्या काय करणार आहे. आई म्हणाली, कर. पण रडू नको. रडलीस तर म्हणतील पोरीची जात.

रविवारी सकाळी रुळाचा आवाज झाला तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. निंबाखाली तीन दगडांवर डेग चढलेली, मामा धोतराचा सोगा खोचून उलथनं फिरवत होते, येसराचा खमंग वास उघड्या दारातून थेट आत येत होता. खरंच सांगते, त्या उपासनेतला उपदेश मला आठवत नाही, तो वास आठवतो. माझं नाव पुकारलं. मी पुढं गेले, प्रश्नांची उत्तरं दिली, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. आवाज कुठं कापला नाही. मग पुढच्या सतरंजीवर, पाहुण्यांच्या शेजारी माझी जागा होती. मी वळले आणि सगळ्या बायांच्या मधून चालत दाराशी गेले, आणि फरशीवर आत्याच्या शेजारी बसले. आत्या कुजबुजली, कामून आली इकडं? मी म्हटलं, तूच तर शिकवलंस.

प्रभुभोजनाचं गाणं सुरू झालं. एरवी या गाण्याला आत्या उठून घरी जायची. मी तिचा पदर धरून ठेवला. आमच्याकडं ताट घेऊन पंच ओळीओळीनं फिरतात. इसाकबाबा बायांच्या बाजूला होते. ओळी संपत आल्या. शेवटच्या सतरंजीशी येऊन ते नेहमी मागं फिरायचे. त्या दिवशी त्यांना फिरता येईना, कारण मी सतरंजीपलीकडं बसले होते आणि मला भाकर द्यायचीच होती. ते फरशीवर आले, वाकले, ताट माझ्यापुढं धरलं. ठिपक्यांची भाकर, बारीक बारीक तुकडे.

“आधी आत्याला द्या, बाबा.”

“तू घे, लेकरा.”

“हिच्यात तिचं पीठ हाय. तिच्या आधी मी न्हाई घेणार.”

गाणं संपलं होतं. पेटी थांबली होती. बाहेर डेगीत उलथनं फिरल्याचा तेवढा आवाज. बाबांनी आत्याकडं बघितलं, आणि ते जे बोलले ते हुकमासारखं नव्हतं. ते जवळजवळ विनवणी करत होते. “मारथा, एकदा म्हण ना. चुकले म्हण. म्या लगेच देतो.” त्यांनाही ते ताट तिच्यापर्यंत न्यायचं होतं, हे मला त्या क्षणी दिसलं. फक्त वाट सापडत नव्हती.

आत्या म्हणाली, “बाबा, चुकले असते तर पहिल्याच दिवशी म्हणले असते. म्या चुकले न्हाई. आन् म्या प्रभूला सोडलं बी न्हाई.”

बाबा वाकलेलेच होते. त्या वयात तसं वाकून राहणं सोपं नसतं, आता मला माझ्या कमरेवरून कळतं. मग ते खाली बसले. पंच असून, पंच्याहत्तरीच्या दिवशी, नव्या धोतरानं, त्या फरशीवर आमच्यासमोर बसले, आणि ताट त्यांनी आत्यापुढं ठेवलं. “घे,” एवढंच म्हणाले.

आत्यानं एक तुकडा उचलला. त्याचे दोन केले. एक तोंडात घातला आणि दुसरा पदराच्या टोकात बांधायला लागली. आता, ती भाकर देवळाबाहेर न्यायची नाही, हा नियम तर लहान लेकरालाही माहीत होता. बाबांच्या हाताभरावर ती पदराला गाठ मारत होती. बाबांनी ती गाठ पूर्ण होईपर्यंत बघितली. मग माझ्याकडं वळले आणि म्हणाले, “आता तू घे.”

शिस्त उठली असं कुणी कधी जाहीर केलं नाही. तीन महिन्यांनी पातेलं निघालं तेव्हा आई आत्याच्या दारात थांबली आणि बस, त्यानंतर थांबतच गेली. ज्यांना बोलायचं ते बोलले. दोन घरं काही दिवस उपासनेला आली नाहीत, पुढं आली. बाबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून गाणं आत्यानंच म्हटलं, आणि त्यांना खांदा द्यायला मामा होते. मला लोक विचारतात, तुमचा विश्वास कुणामुळं पक्का झाला. कुठल्या मोठ्या उपदेशकाचं नाव मी सांगावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी सांगते, एका बाईच्या मिटलेल्या मुठीमुळं. त्यांना वाटतं म्हातारी काहीतरी बोलते.

पण त्या दिवशीचं अजून एक राहिलं. उपासना सुटली, माणसं पंगतीला धावली. आत्या सरळ निंबाखाली गेली, मी तिच्या मागं. मामा घामानं निथळत होते, उलथनं कुणाला द्यायला तयार नव्हते. आत्यानं पदराची गाठ सोडली आणि तो अर्धा तुकडा त्यांच्या तळव्यावर ठेवला. मामांनी धुरातून डोळे बारीक करून तो उलटापालटा करून बघितला. इतकी वर्षं तिची पांढरी पोळी खाल्लेला माणूस तो.

“आज ठिपके हायेत की हिच्यावर,” मामा म्हणाले.

“सगळ्या घरांची हाय,” आत्या म्हणाली.